अळीवहिनी आणि तिसरं तळं

गल्लीत तिला सगळे ‘अळीवहिनी’ म्हणत. तोंडावर नाही म्हणायचे. पण ती येताना दिसली की भाजीवाला शेजारच्याला कोपरानं ढोसायचा, हे काही तिच्या नजरेतून सुटत नसे. “हसा हो पोटभर,” ती म्हणायची, “पण पोतंही तसंच गच्च भरा.” मग तो मुकाट्यानं सडके टोमॅटो आणि कोबीची पानं भरून द्यायचा.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचे बारा क्रेट होते. त्यांत एका काळ्या माशीच्या अळ्या तो भाजीपाला फस्त करत. बोटाच्या पेराएवढ्या झाल्या की वहिनी त्यांना उकळत्या पाण्यातून काढायची, वाळवायची, दळायची. मग कोंडा आणि पेंड मिसळून खिम्याच्या यंत्रातून गोळ्या पाडायची. झालं माशांचं खाद्य.

दिराची माशांची तीन तळी होती, घर त्यावरच चाले. बाजारातून येणाऱ्या खाद्यात समुद्रातली बारकी मासळी दळलेली असे. वहिनीचे वडील होडीवर जायचे. जाळ्यात बोटभर पिल्लांखेरीज काही येईना, तेव्हा त्यांनी होडी विकली. बाजारच्या त्या खाद्याच्या पोत्यांचा वास आला की तिला वडिलांचे रिकामे हात आठवत. वर्षभर भुणभुण लावून तिनं आपलं खाद्य घालून बघायला दिराकडून तिसरं तळं मागून घेतलं. त्यानं दिलं, पण अट घालून: आठवड्यात मासे खाताना दिसले नाहीत तर जुनं खाद्य सुरू आणि क्रेट घराबाहेर.

मासे दिसेनात. जुन्या तरंगत्या गोळ्या टाकल्या की पाण्याला उकळी फुटल्यासारखी व्हायची. वहिनीच्या गोळ्या मात्र सरळ तळाशी जायच्या. नुसतं डुबुक, आणि पाणी ढिम्म.

सहाव्या सकाळी दीर बांधावर येऊन उभा राहिला. “वहिनी, पुरे झालं. उपाशी मारताय त्यांना.”

“उद्यापर्यंत मुदत आहे, भावोजी.”

“उद्या काय पाण्यातून वर येऊन ढेकर देणार आहेत?”

वहिनीनं पदर खोचला, फेकजाळं उचललं आणि टाकलं. एक मासा काठावरच्या दगडावर ठेवून सुरीनं पोट उघडलं. आतडं उपाशी माशासारखं दोऱ्याएवढं नव्हतं, चांगलं फुगलेलं होतं. तिनं दाबलं, तर तपकिरी लगदा बाहेर आला.

“गाळ आहे तो,” दीर म्हणाला.

तिनं लगदा बोटांत चोळून त्याच्यापुढे धरला. त्यात अळीच्या सालीचे चकचकीत तुकडे होते. “गाळाला साल असते का, भावोजी?” आणि सुरी त्याच्याच हातात दिली. “पटत नसेल तर तुम्हीच जाळं टाका, तुम्हीच निवडा. पाच काढा.”

त्यानं हट्टानं पाच काढले. चार पोटं भरलेली निघाली, एक रिकामं.

“हा बघा, उपाशी!”

“पाचांत एखादा रुसून न जेवणारा असायचाच. आपल्या घरात नाही का एक?”

दिराला हसू आवरेना. तरी तो एवढ्यावर सोडणारा नव्हता. “खातायत, मान्य. पण सगळं तळाशी जातंय. उरलेलं कुजलं की पाणी बिघडेल, मग खाणारेही मरतील.”

वहिनीची नजर पाण्याकडे गेली. पहिले दोन दिवस पाणी हललं नाही म्हणून घाबरून तिनं दुप्पट खाद्य टाकलं होतं. “चुकलंच माझं,” ती सरळ म्हणाली. “वरून बघत बसले. खाली बघायला हवं होतं.”

“मग बघा. मासे विकायला निघेपर्यंत तळं तुमचं. पण पाण्याला वास आला, तर त्याच दिवशी बंद.”

वहिनीनं अळ्या चाळायची जाळीची चाळण आणली, चार बाजूंना दोऱ्या बांधल्या, मोजून खाद्य ठेवलं आणि चाळण अलगद तळाशी सोडली. तासाभरानं दोघांनी मिळून वर ओढली. मूठभर उरलं होतं.

“उद्या एवढं कमी,” ती म्हणाली आणि शेडकडे वळली. दोन क्रेट अजून उकळायचे होते.