पालुसिलाचं पाणी कुणी तोडलं

हेल्दुर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. बेचाळीस वर्षं ओळखते मी त्याला, आणि एवढ्या वर्षांत त्याला एक खोटं धड बोलता आलेलं नाही. लग्नाआधी आमच्या आईने विचारलं, "दारू पितोस का रे?" दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सणासुदीला. हा म्हणाला, "शनिवारी. आणि उरली तर बुधवारी." आईने कपाळावर हात मारला, आणि मुलगी दिली.

पालुसिलाच्या पंपघरात तो आयुष्यभर राबला. आमचं गाव म्हणजे रशियाच्या सीमेवरच्या नार्वा शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची चार हजार डोकी, त्यातली निम्मी एस्तोनियन, निम्मी रशियन बोलणारी. पंपघरात माणसं दोनच. पाण्याची पातळी आणि व्हॉल्व्ह बघणारा हेल्दुर आणि पंप दुरुस्त करणारा गेन्नादी. आम्ही त्याला गेना म्हणतो. तीस वर्षं दोघांनी एकाच थर्मासमधली कॉफी प्यायली. शनिवारी आमच्या मागच्या अंगणातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, आधी आम्ही बायका, मग हे दोघे. आत एवढा वेळ काय बोलतात म्हणून मी एकदा विचारलं, तर गेना म्हणाला, "लेइडाताई, तो गप्प बसतो आणि मी ऐकतो."

तीन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीला, मिल्वीला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलंच. दर तीन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा मी होते. एकतीस वर्षं बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बसून माझी कंबर कामातून गेलीय, तरी दिवस मी निभावत होते. रात्रीचं काय? रात्री हेल्दुरने पंपघरात बसायचं, असा नियम. नियम करणाऱ्याच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं नसावं. हेल्दुर दोन चकरा मारायचा आणि मधल्या वेळात घरी येऊन मिल्वीच्या टॅबलेटवरून पाण्याची पातळी बघायचा. तशी परवानगी नव्हती. कोणाचं नुकसानही नव्हतं.

टॅबलेट मिल्वीचा होता, कारण तिला गाणी लागायची. सीमेपलीकडच्या रशियन चॅनलवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असतो, तो ती तरुणपणापासून बघायची. रशियाने युद्ध सुरू केलं आणि ते चॅनल आमच्याकडे बंद झालं. बरंच झालं, मी स्वतः म्हटलं होतं. पण मिल्वी बंद पडद्याकडे बघून रडायला लागली. बोलता येत नसलेल्या माणसाला राजकारण कसं समजावणार? शेवटी गेनाने त्यात एक युक्ती बसवून दिली. त्या युक्तीने टॅबलेट जगाला सीमेपलीकडे असल्यासारखा दिसायचा आणि गाणी सुरू व्हायची. रशियन घरांत सगळ्यांकडे आहे ती.

फेब्रुवारीत उणे अठरा होतं. पहाटे मिल्वीची कूस बदलून हेल्दुरने पातळी बघितली, आणि थंडीने बधिर झालेला अंगठा भलत्याच जागी पडला. "मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा? नक्की?" म्हणून यंत्राने विचारलं, ह्याने झोपेत "होय" दाबलं, टॅबलेट तिच्या उशाशी ठेवला आणि खुर्चीतच डोळा लागला. सकाळपर्यंत टेकडीकडचे पाइप गोठले. दोन फुटले. अकरा तास गावात पाणी नाही. शाळा बंद. वृद्धाश्रमातली एक म्हातारी बादली घेऊन बाहेर पडली, बर्फावर घसरली आणि खुबा मोडून बसली.

दुपारी तो माझ्याकडे आला. टोपीसुद्धा काढली नाही.

"लेइडा, ते मी केलंय."

मी सगळं ऐकलं. "कोणाला सांगितलंस?"

"अजून नाही. आता नगरपालिकेत चाललोय."

"बस खाली," म्हटलं. "नोकरी जाईल. खटला भरतील. म्हातारीचा खुबा तुझ्या नावावर लागेल. तुला आत टाकलं तर मिल्वीला कोण उचलणार? मी? माझी कंबर? दोन दिवस थांब. वारा कुठे वाहतो ते बघू."

तो थांबला. मी थांबवला म्हणून थांबला, हे आत्ताच सांगून टाकते.

वारा संध्याकाळीच वाहिला. पंपघराच्या यंत्राच्या नोंदीत सापडलं की व्हॉल्व्ह बंद करायचा हुकूम सीमेपलीकडून आला होता. त्याच आठवड्यात राजधानीतल्या कुठल्याशा कार्यालयाची यंत्रणा बंद पडलेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. आमची नगराध्यक्ष केर्तु हुशार पोरगी आहे, पण तिलाही तीन महिन्यांवर निवडणूक होती. रात्रीच्या बातम्यांत ती म्हणाली, "पालुसिलावर हल्ला झालाय."

मग काय विचारता! जे गाव नकाशात भिंगाने शोधावं लागतं, ते रोज टीव्हीवर. चर्चा, चर्चा आणि चर्चा. कॉम्प्युटरवरचा हल्ला म्हणजे हल्ला का? त्याला तोफेने उत्तर द्यायचं का? मित्रदेशांना बोलवायचं का? एक निवृत्त कर्नल म्हणाला, "आज व्हॉल्व्ह आहे, उद्या पूल असेल, परवा तुमचं घर." मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. खोटं कशाला बोलू? माझा जन्म सैबेरियातला. एकोणपन्नास साली रशियन शिपायांनी आईला माझ्या आधीच्या दोन पोरांसकट आगगाडीच्या गुरांच्या डब्यात घालून नेलं, परतताना ती मला कडेवर घेऊन आणि त्या दोघांना तिथल्या मातीत ठेवून आली. आमच्या भीतीची कोणी टिंगल करू नये. ती उगाच आलेली नाही. फक्त त्या वेळी जो व्हॉल्व्ह कर्नलसाहेब हातवारे करून दाखवत होते, तो कोणाच्या अंगठ्याने बंद झाला हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी टाळी वाजवली.

चौथ्या दिवशी गेनाचं पंपघराचं कार्ड बंद केलं. "चौकशी होईपर्यंत घरी बसा." पंपघरात दोन माणसं, त्यातला एक रशियन. एवढा पुरावा लोकांना पुरला. दुकानातली बाई त्याच्या बायकोला, झोयाला, सुट्टे पैसे हातात द्यायच्याऐवजी काउंटरवर ठेवायला लागली. त्यांच्या टपालपेटीवर कोणीतरी खिळ्याने ओरखडलं: चालता हो.

त्या शनिवारीही गेना सौनाला आला. बगलेत वाफेत अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी, हातात खारवलेल्या काकड्या.

"आलास?" मी म्हटलं.

"का? घाम गाळायलाही कार्ड लागतं आता?" तो हसला. "मला वाटतं लेइडाताई, मीच केलं असणार. झोपेत. आमच्या लोकांना झोपेत कामं करायची सवय आहे असं टीव्हीवाले म्हणतात."

हेल्दुर उठून बाहेर गेला. सौनाला पुरतील एवढी लाकडं आत होती, तरी तो ढिगापाशी फोडत राहिला. रात्री तो मला म्हणाला, "मी उद्या सांगणार." मी म्हटलं, "आता सांगून काय? आता नुसती चूक राहिली नाही ती, आता तुला देशद्रोही म्हणतील. चौकशीत गेनाविरुद्ध काही सापडणार नाही, तो आपोआप सुटेल. जरा कळ काढ." अशी कळ मी त्याला तीन आठवडे काढायला लावली. तो जेवायचा बंद झाला. मिल्वी त्याच्याकडे बघायची आणि तिला येतात त्या चार शब्दांतला एक म्हणायची, "काय? काय?"

मार्चमध्ये सांस्कृतिक भवनात जाहीर सभा ठेवली. राजधानीतून तज्ज्ञ आले, कॅमेरे आले, तीनशे माणसं कोट मांडीवर घेऊन बसली. मागच्या रांगेत गेना आणि झोया. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.

दुकानातली बाई बोलली, "नळ उघडला आणि पाणी नाही, ह्याला युद्ध म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?" टाळ्या. शाळेतले गणिताचे मास्तर म्हणाले, "आधी पुरावा, मग बंदूक." कोणीतरी मागून ओरडलं, "मास्तर, तुमच्या घरी विहीर आहे!" हशा. एकाने थेट विचारलं, "आपल्याच गावात आतून दार उघडणारे असतील तर त्यांचं काय करायचं?" आणि माना मागे वळल्या.

तेव्हा हेल्दुर उठला. मी त्याच्या बाहीला धरलं. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली.

"दार कोणी उघडलं नाही," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह मी बंद केला. चुकून. घरून." आणि मग बायकोची कूस, टॅबलेट, बधिर अंगठा, सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो एवढं सलग बोलला असेल. "हल्ला झालाच नाही," तो म्हणाला. "गेनाचा काही संबंध नाही. मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

केर्तु पांढरी पडली. मला वाटलं, सुटलो. काय व्हायचं ते होईल, पण सुटलो.

राजधानीचा तज्ज्ञ वयाने तरुण, बोलायला मऊ. त्याने ध्वनिवर्धक जवळ घेतला. "काका, तुमच्या धैर्याचं कौतुक आहे. पण एक सांगा, हुकूम सीमेपलीकडून आल्याची नोंद आहे. तुमचं घर तर इथे आहे."

"टॅबलेटमध्ये युक्ती आहे. बायको तिकडची गाणी बघते."

"ती युक्ती तुम्ही बसवलीत?"

"मला नाही येत ते."

"मग कोणी बसवली?"

अरे, म्हण माहीत नाही! म्हण आठवत नाही! फिनलंडला असलेल्या पुतण्याचं नाव घे, मेलेल्या शेजाऱ्याचं घे! मी मनात ओरडत होते. हेल्दुरने मागच्या रांगेकडे पाहिलं.

"गेन्नादीने," तो म्हणाला.

तीनशे माणसांनी एकदम श्वास घेतला. तसा आवाज मी पुन्हा ऐकू नये. मागे गेना उठला, टोपी घातली, झोयाच्या कोपराला धरलं आणि दोघं निघून गेली.

त्यानंतर हेल्दुरला कोणी काही केलं नाही. हेच तर! लोक रस्त्यात थांबवून त्याचा हात हातात घ्यायचे. "साध्या माणसाचा कसा वापर करून घेतला बघा." टीव्हीवरचा कर्नल म्हणाला, शत्रू आता आजारी बायकांच्या उशाशी येऊन बसतो. हेल्दुरने पेपरला पत्र लिहिलं की हे सगळं चूक आहे, गेनाने फक्त मिल्वीच्या गाण्यांसाठी ते केलं, चूक माझ्या अंगठ्याची. त्यांनी छापलं, आणि वर मथळा दिला: मी कसा फसलो. त्याने दुसरं लिहिलं. ते छापलं नाही. नगरपालिकेने त्याला नुसती समज देऊन वेळेआधी पेन्शनवर पाठवलं. गेनाला पाच वेळा चौकशीला बोलावलं. गुन्हा काही निघाला नाही. नोकरीही परत मिळाली नाही. सौनातली त्याची जागा तीन शनिवार रिकामी राहिली, मग हेल्दुरने सौना तापवणंच सोडलं.

एप्रिलमध्ये कळलं की ती दोघं घर विकून जर्मनीला मुलीकडे चाललीत. हेल्दुर म्हणाला, "मला जायला हवं." मी म्हटलं, "मीही येते."

दार झोयाने उघडलं आणि ती सरळ आतल्या खोलीत गेली. रशियन घरात पाहुणा आला आणि चहाचं नावच नाही, असं मी कधी पाहिलेलं नव्हतं. शेवटी गेनाने स्वतः किटली ठेवली. खोकी रचलेली होती, आम्ही त्यांवरच बसलो.

"गेना," हेल्दुर म्हणाला, "मला तुला सोडवायचं होतं."

"माहितेय." गेनाने कप पुसले. "व्हॉल्व्ह तू बंद केलास हेही माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच सकाळी, यंत्रातली नोंद बघितली तेव्हा. काही मोडलेलं नव्हतं, काही जबरदस्ती नव्हती. कोणीतरी रीतसर 'नक्की, होय' दाबलं होतं. आणि पत्ता तर माझ्याच युक्तीचा, मी ओळखणार नाही?"

हेल्दुर म्हणाला, "मग तू बोलला का नाहीस?"

"बोलून काय, तुला आत पाठवू? मिल्वीला कोण बघणार होतं?" त्याने चहा ओतला. "हे बघ, माझ्यावर नुसता संशय होता. संशयाची मला सवय आहे, तीस वर्षं अंगावर घेऊन इथे राहिलो. उन्हाळा आला, लोक बटाटे लावायच्या नादाला लागले की तो विरतो. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. तू त्यांना माझं नाव दिलंस, हेल्दुर. आता ते विरणार नाही."

आतून झोयाच्या रडण्याचा आवाज येत होता. हेल्दुरने मान खाली घातली होती. ते तीन आठवडे त्याने कसे काढले ते मी पाहिलं होतं. पहिल्याच दुपारी तो नगरपालिकेत गेला असता तर हल्ला हा शब्द कोणाच्या तोंडी यायच्या आधीच सगळं संपलं असतं. एक म्हातारा, एक चूक, थोडी बोलणी. बस.

गेनाने तिसरा कप माझ्या हातात दिला. "एक कळत नाही," तो म्हणाला. "ह्याला पोटात काही ठेवता येत नाही. मग तीन आठवडे ठेवलं कसं ह्याने? लेइडाताई, तुम्हाला तरी ठाऊक होतं का?"

कप गरम होता. मी तो दोन्ही हातांनी धरला.

"नाही," मी म्हटलं.

हेल्दुरने वर बघितलं. माझ्याकडे, मग गेनाकडे. मी वाट बघत होते, आता बोलेल. तो बोलला नाही.