भुतांची रंगीत तालीम

आमच्या ग्रुपमध्ये किस्से आणि डबे सारखेच. इकडून तिकडे फिरत राहतात, झाकण एकीचं, डबा दुसरीचा, आणि मूळ कुणाचा ते विचारायची सोय नाही! त्यातले निम्मे तरी तीस ऑक्टोबरचे आहेत. हॅलोवीन एकतीसला असतो हे आम्हालाही कळतं हो. पण आमचा सण आदल्या दिवशी. का, ते आधी सांगते.

ईस्ट कोस्टच्या आमच्या कॉन्डोत मराठी घरं मोजकीच. त्यातली अकराव्या मजल्यावरची वैदेही बँकेत नोकरी करते, पण जीव सगळा नाटकात. पहिल्या वर्षी आम्ही पोरांना भुतं करायला जुन्या चादरी कापत बसलो होतो, तर ही कमरेवर हात ठेवून उभी. "तालीम न करता? अशीच जाणार लोकांच्या दारात?"

झालं! तीस तारखेला रंगीत तालीम ठरली. फक्त मराठी घरांची दारं वाजवायची. माझा अर्णव तेव्हा चार वर्षांचा. त्याने बेल वाजवली, गायकवाडांनी दार उघडलं, आणि भूत गप्प! लिफ्टच्या आडून वैदेहीचं प्रॉम्प्टिंग सुरू, "बोल! मोठ्यांदा! शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

भुताने भोकाड पसरलं. गायकवाडांनी त्याला कडेवर घेतलं आणि घरात चॉकलेट नव्हतं म्हणून वाटीभर चिवडा दिला. दुसऱ्या दिवशी खऱ्या कार्यक्रमात पिशवीभर चॉकलेटं मिळाली, तरी घरी येऊन भूत इथल्या सिंगलिशमध्ये म्हणालं, "आय वॉन्ट द चिवडा वन, लाह!" तेव्हापासून आमची तालीम हाच प्रयोग.

* * *

हे गायकवाड वन-नॉर्थच्या टेक पार्कात इंजिनिअर आहेत. विकतची सजावट त्यांना चालत नाही. "घरात पुठ्ठा असताना दुकानात जायचं, म्हणजे डिग्री वाया!"

पुढच्या वर्षी त्यांच्याकडे नवा फ्रिज आला आणि त्याच्या खोक्याची त्यांनी काळी कुळकुळीत शवपेटी केली. सेन्सर बसवला. माणूस जवळ आला की झाकण उघडणार आणि भांडी घासायच्या रबरी हातमोज्याचा हात बाहेर येणार. काम एकदम चोख. आणि पेटी ठेवली कुठे? आमच्या मजल्यावर, लिफ्टच्या तोंडाशी!

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आँटी भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टमधून बाहेर आल्या. झाकण उघडलं. "चोय! चोय! चोय!" अशी इडापिडा टाळत आँटी परत लिफ्टमध्ये! शवपेटी हा शब्दसुद्धा त्यांच्याकडे अशुभ, इथे तर अख्खी पेटी दारात. गायकवाडांचा चेहरा बघवत नव्हता.

तासाभरात पेटीला त्यांचा शुभ लाल रंग फासला, वर सोनेरी कागद. आँटींना हाताला धरून आणलं. झाकण उघडलं, रबरी हात बाहेर आला, आणि ह्या खेपेला त्यात चकल्यांची पिशवी. आँटींनी तिथेच उभ्या उभ्या एक चकली खाल्ली. मग गायकवाडांना म्हणाल्या, "धिस वन कॅन. टुमॉरो ऑल्सो कॅन!"

* * *

आता आमच्या घरचं. अर्णव आठ वर्षांचा झाला त्या साली माझे सासरे गेले, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीहून आमच्याकडे आल्या. त्यांनी इथेच राहावं म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो. सांगलीच्या त्या घरात एकट्या काय करणार होत्या? पण त्यांचं एकच पालुपद. "महिनाअखेर मी जाते. घराला कुलूप घालून कसं चालेल? हे आले आणि दार बंद दिसलं तर?"

नितीन, माझा नवरा, उठून बाल्कनीत जायचा.

वर्षाच्या आत सण करायचा नाही, म्हणून दिवाळीही नव्हती. फराळ नाही, कंदील नाही. अर्णव हिरमुसून बसला. शेवटी मी भीत भीत विचारलं, "आई, हॅलोवीनचं काय करायचं?"

त्यांनी जरा विचार केला. "ते पंचांगात आहे का?"

"नाही."

"मग करा की!"

* * *

नुसतं "करा" म्हणून थांबल्या नाहीत, पदर खोचून उभ्या राहिल्या. मी भोपळा कोरायला सुरी उचलली तर ओरडल्याच, "अगं थांब! अख्खा भोपळा बाईने कापायचा नसतो. पहिला वार पुरुषाचा."

घरात पुरुष एकच, आणि तो लॅपटॉपसमोर बसून बॉसला स्वतःच्या वर्षभराच्या कामाचा हिशेब देत होता. कॅमेरा चालू. आईंनी भोपळा नेऊन त्याच्यापुढे ठेवला, हातात सुरी दिली. "एक घाव घाल आणि बोलत बस."

आईची आज्ञा! नितीनने स्क्रीनवरची नजर न काढता खच्चकन सुरी खुपसली. तिकडे बॉस बोलता बोलता थांबला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "नितीन, वी कॅन डू धिस नेक्स्ट वीक."

गराचे घारगे झाले. कोरलेल्या भोपळ्यात आईंनी मेणबत्ती ठेवू दिली नाही, तेलाची पणतीच ठेवली आणि सवयीने हातही जोडले. वर आम्हालाच म्हणतात, "दिवा असतो तिथे भूत फिरकत नाही, आणि तुम्ही दिवा लावून बोलावता. शहाणेच आहात!"

* * *

तीस तारखेला संध्याकाळी सगळी भुतं आमच्या हॉलमध्ये जमली. आईंनी एकेकाला न्याहाळलं. "काय गोजिरी दिसतायत गं! कुणाची तरी नजर लागायची."

आणि मी "अहो आई" म्हणेपर्यंत मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या भुतांवरून ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्यासुद्धा! असा काही खाट उठला की विचारू नका. भुतं खोकत बाहेर, आम्ही त्यांच्या मागे, आणि वर अलार्म कोकलतोय. सिक्युरिटीचे अंकल धापा टाकत आले. "व्हॉट हॅपन्ड? हू कुकिंग?"

चादरीच्या भोकातून अर्णवने खुलासा केला, "नो कुकिंग, अंकल. माय आजी स्केअर्ड समबडी विल हार्म द घोस्ट्स, लाह!"

अंकलनी डोळे पुसले, दोन घारगे खाल्ले आणि गेले बिचारे.

* * *

खिडक्या उघडून, घर मोकळं करून आम्ही सगळे तालमीसाठी खाली लॉबीत उतरलो. वैदेही भुतांना रांगेत उभं करत होती. तेवढ्यात आईंचं लक्ष लिफ्टशेजारच्या भिंतीकडे गेलं. काळ्या कार्डपेपरवर कापसाचं एक भूत चिकटवलेलं होतं, त्याला तारेचा गोल चष्मा. खाली चंदेरी पेनने, आईंनीच त्याला शिकवलेल्या अक्षरांत, अर्णवने लिहिलं होतं, "आजोबा, सांगलीला जाऊ नका. आजी इथे आहे. नववा मजला." आणि पुढे लिफ्टकडे जाणारा मोठा बाण.

नितीन दुसरीकडे बघायला लागला.

"हे तू केलंस?" आईंनी विचारलं.

"येस," अर्णव म्हणाला. "यू सेड ही विल गो देअर अँड द डोअर इज लॉक्ड. सो आय टोल्ड हिम."

आईंनी ते पुन्हा एकदा वाचलं. कापसाच्या भुताचा चष्मा जरा सरळ केला. पदराने डोळे टिपले. मग म्हणाल्या, "अरे, त्यांना लिफ्टमध्ये गुदमरतं. बाण जिन्याकडे काढ."

"आजी, नाइन फ्लोअर्स! ही विल बी सो टायर्ड, लाह!"

"चढतील सावकाश," आई म्हणाल्या. "घाई कसली आहे? मी आता इथेच आहे."