केबल काढली आणि सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं

मंडळी, आठवडाभर या ई-मेल गटावर मी तुमचं डोकं खाल्लंय. आमच्या कापसाच्या पेढीची जळगाव, धुळे, चोपडा ही तीन ऑफिसं एकमेकांना जोडलीत. त्या नेटवर्कला माहितीचा रस्ता ठरवणारा आरआयपी प्रोटोकॉल लावू की ओएसपीएफ?

एक लाईन तुटली की दोघंही दुसऱ्या लाईनवरून रस्ता शोधतात. ओएसपीएफ काही सेकंदांत शोधतो, पण बसवायला किचकट. आरआयपी सोपा, पण दोन-तीन मिनिटं घेतो. तेवढ्यात जळगावहून भाव आला नाही तर धुळ्यात कापसाची गाडी फाटकातच अडकेल, ही माझी भीती.

आज धुळ्याला आरआयपी चालू केला आणि कुणाला न सांगता जळगावच्या लाईनची केबल काढली.

स्क्रीन थिजले. सगळ्यांनी एकदम मान वर केली.

"पंखा तं फिरी ऱ्हायना," फिरत्या पंख्याकडे बोट दाखवत आमचे मॅनेजर नाना अहिराणीत म्हणाले. "मंग लाईट शे ना!"

तरी लाईट गेल्यावर करतात तेच सगळ्यांनी केलं. कुणी तंबाखू मळली, कुणी चहा सांगितला. कापूस घेऊन आलेला गाडीवाला बिडी ओढायला बाहेर गेला. नाना जळगावला फोन लावत बसले. घाम फक्त मला फुटला होता.

नानांचा फोन लागायच्या आत चोपड्यामार्गे भाव आला आणि अख्खं ऑफिस ओरडलं, "उनी, उनी!" म्हणजे आली, आली!

न गेलेली लाईट परत आली होती.

आरआयपीच ठेवतोय. घाई माझ्या एकट्याचीच होती. तुमच्याकडे वेग कुणाच्या घाईवर ठरतो?