ओंजळभर कोरडी वाळू

नमाज मी सोडली नव्हती, पण ती उरली होती शुक्रवारपुरती. माझा थोरला भाऊ माझ्यापासून लांब, अल खर्ज गावी दुधाच्या फार्मवर कामाला होता. महामारीच्या दिवसांत तो तिथेच गेला आणि मला त्याचा चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही. रस्ते बंद, परवानगी नाही, खलास. त्या आठवड्यात सजद्यात डोकं टेकून मी जितका रडलो तितका जन्मात रडलो नव्हतो. त्यानंतर मागणंच सोडून दिलं. मागून मिळत नाही तर तोंड तरी कशाला वेंगाडायचं, असं माझं झालं होतं. मुळात स्वभाव तुसडा, त्यात हे. म्हणून आधीच सांगतो, पुढचं मी कुणाला पटवायला लिहीत नाही. तुम्ही योगायोग म्हणा, माझी हरकत नाही. मला फक्त आभार मानायचे आहेत आणि ते तोंडाने नीट जमत नाहीत.

मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा. वाळवंटाच्या कडेच्या हाइल शहरात अठरा वर्षं एसीची कामं करतो. म्हणजे हे शहर थंड ठेवायचा पगार घेतो, आणि त्याची मला घमेंडही होती. थंडीतलं मला कोण शिकवणार? इथली घरं बांधतात ती उन्हाला घाबरून. पाय गार राहावेत म्हणून जिन्याला आणि दारातल्या उताराला गुळगुळीत फरशी. पाण्याच्या टाक्या गच्चीवर उघड्या, पाइप बाहेरच्या भिंतीवरून नेलेले, दाराखाली बोटभर फट. उन्हाळ्यात यातलं काही खटकत नाही. हिवाळा इथे चांगलाच असतो, नाही असं नाही, पण तो कोरडा. लोक लोकरीचा जाड फरवा अंगावर घेतात, शेकोटी पेटवतात आणि दोन महिने काढतात. गेल्या हिवाळ्यात मात्र संध्याकाळी तासभर गारा पडल्या, त्यावर पाऊस, आणि मग आभाळ असं स्वच्छ झालं की रात्रीत पारा शून्याखाली गेला. सकाळी पाहतो तर गच्चीवरचे पाइप फुटलेले, रस्त्यावर गाड्या वाकड्यातिकड्या उभ्या, आणि अजाच्या डोंगरावर चक्क बर्फ. अर्धं शहर ते बघायला थर्मासमध्ये कहवा भरून निघालेलं आणि उरलेलं अर्धं घरात अडकलेलं. बर्फावर चालायचं कसं, गाडी हाकायची कशी, रस्त्यावर टाकायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही कधी पडलं नव्हतं.

तेव्हा माझी सासू आमच्याकडे होती. व्हिजिट व्हिसावर आली होती, उमऱ्याची यात्रा करून झाली होती आणि पंधरा दिवसांनी परतायची होती. नात्याने ती माझी लांबची खालाच, म्हणजे मावशीच लागते, त्यामुळे जावयाचा मानबिन मला कधी मिळाला नाही. दम्याची जुनी दुखणेकरी, पण जीभ अशी की भल्याभल्यांची बोलती बंद. मदिनेहून परतताना साडेचारशे किलोमीटर ती मला एकच ऐकवत होती, ‘एवढ्या पाक मुलखात राहतोस आणि तोंड असं पाडून बसतोस! भाऊ तुझा गेला, माझा नवरा नाही गेला? मी काय अल्लाशी अबोला धरला?’ मी आरशात बघत गाडी चालवत राहिलो. तिला उलट बोलायची हिंमत माझ्यात नव्हती.

त्या सकाळी फजरच्या, पहाटेच्या नमाजेनंतर ती गारा बघायला म्हणून खिडकी उघडून उभी राहिली. कोकणातल्या बाईला एवढा बर्फ कुठे बघायला मिळणार! नसीमने, माझ्या बायकोने, दोनदा ओरडून खिडकी लावायला सांगितलं. ‘बघू दे गो,’ म्हणाली, ‘आता गावाला जाऊन सांगायला तरी होईल.’

मी तेव्हा खाली होतो. आमचं घर तळमजल्यावर, पण इमारत चढावर आहे. दारातून पंधरा-वीस पावलांचा फरशीचा उतार थेट रस्त्यावर जातो, दुसरी वाट नाही. उतारावर गारांचा खरखरीत थर गोठून बसला होता. मला कामावर निघायचं होतं. मी गीझरमधलं कढत पाणी बादलीने आणलं आणि ओतलं. एक, दोन, तीन बादल्या. थर सरसर विरघळला, फरशी लख्ख दिसायला लागली. मी खूश. खिडकीतून खाला म्हणाली, ‘चूल पेटवायची बाकी ठेवलीस काय?’ मी म्हटलं, ‘खाला, थंडी हा माझा धंदा आहे.’ हे वाक्य मला आयुष्यभर पुरेल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर येऊन मी चहा घेतला. तेवढ्या वेळात खालचं पाणी पुन्हा गोठलं, आणि आधी निदान पाय टेकायला खरखरीत होतं तिथे आता आरसा झाला. अठरा वर्षं एसीच्या कॉइलवर पाणी गोठताना बघणाऱ्या माणसाला हे सुचू नये?

आणि त्याच वेळी खालाला धाप लागली. आधी खोकला, मग छातीतून शिट्टी, मग बोलणंच बंद. पंप दिला, वाफ देण्याचं मशीन दोनदा लावलं, काही उपयोग नाही. ओठ निळसर व्हायला लागले तशी नसीमच्या तोंडचं पाणी पळालं. अँब्युलन्सला फोन केला. बिचारा माणूस चांगलं बोलला, गाडी निघाली आहे, पण ठिकठिकाणी अपघात आहेत, तुमच्या बाजूचा चढ कसा चढणार बघतो, म्हणाला. वरच्या मजल्यांवरची दोन्ही कुटुंबं बर्फ बघायला डोंगराकडे गेलेली. मी म्हटलं, आपली गाडी दाराशी आणतो. दोन पावलं टाकली आणि असा आदळलो की उतारावरून घसरत थेट रस्त्यावर. उजवं मनगट अंगाखाली आलं. उठून पुन्हा चढायला लागलो, तर पुन्हा खाली. तीनदा. वर दारात नसीम आईला खुर्चीत धरून बसली होती आणि मला तो श्वास खालपर्यंत ऐकू येत होता. मध्ये वीस पावलं, आणि ती वीस पावलं मी माझ्या हाताने, गीझरच्या पाण्याने बंद केली होती.

मी रस्त्याच्या कडेला बसलो. मला कुणाला हाक मारायची होती आणि कुणी नव्हतं. तेव्हा इतक्या वर्षांनी मी बोललो. दुआ म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं, हातसुद्धा उचलले नाहीत, एक तर उचलत नव्हताच. मी म्हटलं, ‘माझ्याने होत नाही. आता तू बघ.’ रागाने म्हटलं की रडत, ते आठवत नाही. पण खरं म्हटलं. भावाच्या वेळी मी हजार शब्द बोललो होतो, पण प्रत्येक शब्दात मीच होतो. असं हात टाकून मी कधी बोललो नव्हतो.

किती वेळ गेला कळलं नाही, फार नसेल. गल्लीच्या तोंडाशी एक जुना पिकअप वळला, हळूहळू, बैलगाडीच्या चालीने. आमच्या गल्लीतून कुठेच जाता येत नाही, पुढे भिंत आहे. चालवणारा वाळवंटातला म्हातारा बदू, अंगावर तपकिरी फरवा, दाढी पांढरी. त्याने काच खाली केली आणि विचारलं की भुयारी रस्ता पाण्याने बंद आहे, इकडून पलीकडे निघता येतं का. मी नाही म्हटलं. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, वर दाराकडे पाहिलं आणि गाडी बंद केली. मी माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, आई आहे, श्वास नाही. बायकोच्या आईला मी आई म्हटलं हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

तो उताराशी गेला, वाकून बोट लावलं. ‘मोया?’ म्हणाला. पाणी? मी मान खाली घालून म्हटलं, ‘मी ओतलं.’ शिवी घातली असती तरी चाललं असतं. त्याने पिकअपमागची ताडपत्री उचलली. खाली गोण्या होत्या, नफूदच्या वाळवंटातल्या कोरड्या, तांबूस वाळूच्या. मेंढ्यांच्या वाड्यात थंडीत पसरायला नेत होता. त्याने सुरीने गोणी फाडली आणि पेरणी करावी तशी वाळू ओंजळीने पुढे टाकत, टाकलेल्यावर पाय ठेवत वर गेला. सरळ वर, एकदाही न घसरता. मला हसू की रडू कळेना. वाळवंटाच्या दाराशी राहतो आम्ही. वाळू झाडता झाडता नसीमची कंबर मोडते, एसीच्या जाळीतून ती काढत माझं अर्धं आयुष्य गेलं. आणि त्या सकाळी सगळ्या शहरात कुणाला ती आठवली नाही, सगळ्यात शहाण्या माणसाला तर नाहीच.

आम्ही दोघांनी खुर्चीसकट खालाला उतरवलं, तो पुढे, मी डाव्या हाताने मागे. ती एवढीशी झाली होती. पिकअपमध्ये बसताना त्याने मला वाळूकडे बोट दाखवून सांगितलं, ‘खिसे भर. हॉस्पिटलच्या दारातही हेच असेल.’ मी जॅकेटचे दोन्ही खिसे भरले. तो म्हणाला तसंच होतं, दारात लोक एकमेकांना धरून उभे होते. मी खालापुढे एका खिशातली वाळू टाकत गेलो आणि म्हातारा आणि नसीम तिला धरून मागून आले. आत तिला घेतलं, मास्क लावला, आणि मी मागे वळलो तर म्हातारा निघालाही होता. नाव विचारायचं राहिलं. नसीम म्हणते तो फरिश्ता होता. मला वाटतं तो मेंढपाळ होता, वाट चुकला होता आणि त्याच्या मेंढ्या वाळूची वाट बघत असणार. पण त्याला त्या गल्लीत कुणी वळवलं, हे मी आता विचारत नाही.

इमर्जन्सीत अकोल्याच्या एक डॉक्टर होत्या. म्हणाल्या, ‘आज सगळे मनगटवालेच येताहेत, तुम्ही अकरावे.’ माझ्या हाताला प्लास्टर घातलं. दुपारपर्यंत खालाच्या ओठांवर रंग आला. डॉक्टरबाईंनी मराठीत विचारलं, ‘आजी, बरं वाटतंय का?’ तशी मास्क बाजूला करून ही म्हणते, ‘बरं वाटतंय, पण जेवण बेचव आहे तुमच्याकडे.’ तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून पोटभर रडून घेतलं.

आत आलो तर ती जोहरच्या, दुपारच्या नमाजेची तयारी करत होती. दोन्ही हातांना सुया आणि पट्ट्या, वजूला, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड धुवायला, पाणी लावायची डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. तिला तयम्मुम करायचं होतं. पाणी मिळत नसेल किंवा चालत नसेल तर स्वच्छ मातीला हात लावून ते चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवायचे, झाली शुद्धी. अल्लाने दिलेली सवलत आहे. नसीम म्हणाली, ‘आई, भिंतीला हात लाव ना.’ तर खाला तापली, ‘आपण शाफई पंथाची माणसं, आपल्याला धूळ लागते. ह्या भिंतीवर रंग आहे, धूळ कुठाय? एवढं मोठं वाळवंट आणि मला चिमूटभर माती मिळू नये?’

मी दुसरा खिसा नसीमच्या रुमालावर उलटा केला.

खाला त्या तांबूस वाळूकडे बघत राहिली. मग तिने पट्टीबाहेरची बोटं हळूच त्यावर टेकवली आणि चेहऱ्यावरून फिरवली, मग हातांवरून. झाल्यावर रुमाल माझ्याकडे सरकवला. ‘तुझ्या प्लास्टरला पाणी चालायचं नाही,’ म्हणाली, ‘बाकीचं धू, मग हे कर. येतं ना? की विसरलास?’

मी विसरलो होतो. लहानपणी मदरशात शिकलेलं, पुढे कधी गरज पडली नाही. खरं तर गरज पडली नाही असं मला वाटत होतं. हात-तोंड धुऊन मी स्टुलावर बसलो आणि सत्तरीतल्या त्या बाईने, मास्कमधून धापा टाकत, मला लहान मुलासारखं शिकवलं. हात टेकव. झटक, जास्त नको. आता चेहरा. पुन्हा टेकव. आता हात, कोपरापर्यंत. तिचा प्रत्येक श्वास मला ऐकू येत होता आणि तो येतोय, जातोय, येतोय, याहून गोड आवाज मी आजवर ऐकला नाही.

मग तिच्या पलंगाशेजारी उभा राहून मी नमाज पढलो. तो शुक्रवार नव्हता.