विहारातली तार

माझे वडील आमच्या भागातले बौद्धाचार्य, म्हणजे लग्न लावणारे. सेनगाव तालुक्यातल्या निम्म्या बौद्ध जोडप्यांची लग्नं त्यांनीच लावली, असं ते स्वतः सांगत नाहीत. पण दुसरं कुणी सांगत असलं तर अडवतही नाहीत. दक्षिणा घेत नाहीत. लग्न लागलं की चहा घेऊन निघतात, जेवायला थांबत नाहीत. लोकांना तो तत्त्वाचा भाग वाटायचा. खरं कारण एवढंच की पंगतीत माणसं बोलतात, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं.

आमच्या लग्नात अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत बुद्धमूर्तीसमोर उभी राहतात. त्रिशरण-पंचशील होतं. मग प्रतिज्ञा. बौद्धाचार्य एक वाक्य सांगतो, नवरदेव ते म्हणतो, मग पुढचं वाक्य. नवरदेवाचं झालं की नवरीचं. म्हणजे लग्न लावणाऱ्याला कामं दोन, सांगणं आणि ऐकणं. वडिलांचं पहिलं काम अजून पक्कं होतं. दुसरं ते नवरदेवाच्या ओठांकडं बघून भागवायचे. नवऱ्या मान खाली घालून पुटपुटतात, तिथं ते अंदाजावर चालायचे.

आखाडा बाळापूरच्या एका लग्नात अंदाज चुकला. नवरी घाबरलेली होती, सावकाश म्हणत होती. ती तिसऱ्या प्रतिज्ञेवर असताना वडिलांनी पाचवी संपवली आणि हार घालायला सांगितलं. वरपक्षातला एकजण मोठ्यानं म्हणाला, “दोन राहिल्या की. त्या पाळायच्या का न्हाई पाळायच्या?” सगळा मंडप हसला. बहिऱ्या माणसाला हसणं ऐकू येत नाही, पण दिसतं. त्या दिवसापासून वडिलांचे गुडघे दुखायला लागले. कुणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं की जास्तच दुखायचे. पांढरा शेला ठेवायची पिशवी माळ्यावर गेली.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. ती वसमतला दवाखान्यात नर्स आहे. तिनं सांगून टाकलं, “माझं लग्न आबाच लावतील.” वडिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “दुसरा कोणी बघ. लेकराच्या लग्नात लोक हसायला नको.” आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं लावलेला माणूस घरच्या लग्नात खुर्चीवर पाहुण्यासारखा बसणार होता. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

त्यांना नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. यंत्र मिळालं. घरी आल्यावर ते बोटभर यंत्र बहुतेक वेळ सदऱ्याच्या खिशातच राहिलं. आवाज येई, शब्द येत नसत. विहारात घालून बघितलं तर आणखी कठीण. सिमेंटचा हॉल, वर पंखे, फरशीवर पळणारी लेकरं. “समदं ऐकू येऊन राहिलं,” वडील म्हणाले, “माणूस सोडून.”

तक्रार घेऊन पुन्हा नांदेडला गेलो. यंत्र बसवणाऱ्या बाईंनी त्याच्यावरचं एक बटण दाखवलं. म्हणाल्या, हॉलच्या कडेनं एक तार फिरवायची, ती खास ॲम्प्लिफायरला जोडायची. बटण दाबलं की माईकवरचा आवाज तारेतून थेट यंत्रात येतो. पंखे, भांडी, लेकरं सगळं बाहेर राहतं. परदेशात तिकिटाच्या खिडकीवर, सभागृहात अशी सोय असते, आणि बाहेर कानाचं चित्र असलेली पाटी असते. वडिलांनी पाटीची चौकशी केली नाही. ते त्या बटणाकडं बघत राहिले.

विहार समितीत मी विषय मांडला. तारेला कुणाचा विरोध नव्हता. तार झाकणाऱ्या पट्टीचा रंग कोणता, यावर मात्र सभा रंगली. पांढरी पट्टी सुचवणाऱ्या माणसाकडं सगळ्यांनी असं बघितलं की त्यानं लगेच शब्द मागं घेतला. पट्टी निळी बसली.

तार आमच्या मंडपवाल्यानं फिरवली. चाचणीला निम्मी वस्ती जमली. वडिलांनी सवयीप्रमाणं माईक हातात घेतला, बटण दाबलं आणि त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीला त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पंचशील म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं. मग माईक खाली न ठेवता जाहीर केलं, “माझा आवाज अजून चांगला हाय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कानाच्या मोफत शिबिरात मिळालेलं यंत्र ट्रंकेत ठेवून दिलेली एक म्हातारी ते शोधून घेऊन आली होती. तिच्याही यंत्रात ते बटण निघालं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेजारणीला विचारलं, “हा माणूस इतकी वर्षं हेच म्हणून राहिला व्हता का?”

समितीनं काम फत्ते झाल्याचं जाहीर केलं. लग्नाच्या आधल्या रविवारी तालीम ठेवली. मुलगी समोर उभी राहिली, वडिलांनी बटण दाबून माईकवर पहिली प्रतिज्ञा सांगितली आणि थांबले. तिनं ती म्हटली. ते थांबलेलेच. तिनं मोठ्यानं म्हटली. ते शांतपणे वाट बघत उभे. माझी बायको कानाशी जाऊन ओरडली, तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मंडपवाल्यानं तार तपासली. मी यंत्राची बॅटरी बदलली. अध्यक्षांनी पट्टी तपासली.

शेवटी मुलगीच म्हणाली, “पप्पा, आबाच्या कानात फक्त माईक जातो. आन माईक आबाच्याच हातात हाय.”

आम्ही सगळे माईककडं बघायला लागलो. इतकी शिकलेली माणसं हॉलभर तार फिरवून मोकळी झाली होती, आणि त्या तारेतून वडिलांना फक्त स्वतःचा आवाज ऐकू येत होता. याचं आमच्यातल्या कुणाला नवल वाटलं नव्हतं, कारण आमच्या लग्नात माईक त्या एकाच हातात असतो. नवरीच्या हातात तर कधीच नसतो. हळू बोलणारी नवरी गुणाची, असं आमच्यात समजतात. रूढी मोडायला आम्ही कुठल्याही सभेत तयार असतो, फक्त घरच्या लग्नात नाही.

“मग दुसरा माईक लावा,” मुलगी म्हणाली.

समितीतल्या सगळ्यात वयस्क बाईंनी वडिलांच्या हातातला माईक काढून घेतला आणि स्टँडला अडकवला. “नवरी कुठं माईकवर बोलती का? पावणे काय म्हणतील?”

“ऐकू आलं म्हणतील,” मी म्हणालो. ते कुणाला आवडलं नाही.

पाहुण्यांना फोन केला. होणाऱ्या विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, “आमच्यात तशी पद्धत न्हाई हो. हळू म्हणलं तरी चालतं की. काय म्हणायचं ते समद्यायला माहीत असतंच.” मग समितीनं तोडगा काढला. नवरीचं वाक्य संपलं की मागून एकानं रुमाल हलवायचा, म्हणजे बौद्धाचार्य पुढचं वाक्य सांगतील. हे कागदावर लिहून वडिलांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि मान हलवली. “रुमाल चालंल,” म्हणाले.

मला राग आला तो त्या ‘चालंल’चा. गार्डाच्या झेंडीवर गाडी सोडावी तशी ते नातीची लग्नगाठ बांधणार होते, आणि त्यांनी ते कबूलही करून टाकलं होतं. मी काही बोलायच्या आत मुलीनं पर्स उचलली. तिला ड्यूटीसाठी वसमतची गाडी गाठायची होती. जाताना दारातून म्हणाली, “मी रुमालाला प्रतिज्ञा देणार न्हाई. आबाला देणार. पावण्यायला मी सांगते.” तिनं नवरदेवाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. दोन दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला आणि त्यांनी माईकचा विषय टाळून हळदीचं विचारलं. तालीम मात्र पुन्हा झाली नाही. दुसरा माईक तपासायचा राहूनच गेला.

लग्नाच्या दिवशी हॉल भरून माणसं बाहेर मंडपात गेली. वडिलांनी शेला घेतला, यंत्राचं बटण दाबलं. नवरदेवानं दुसऱ्या माईकवर पाचही प्रतिज्ञा म्हटल्या. वडील प्रत्येक वाक्याला थांबले, ऐकलं, पुढं गेले. एकदाही चुकले नाहीत. मी तेव्हा कुठं श्वास सोडला.

मग तोच माईक मुलीनं घेतला. वडिलांनी पहिली प्रतिज्ञा सांगितली. तिनं ती म्हटली, बाहेर आचाऱ्यापर्यंत पोचेल अशी. वरपक्षाच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. आणि वडील थांबले.

ते नुसते उभे राहिले. मंडपवाला ॲम्प्लिफायरवर वाकला. मागच्या ओळीत कुजबूज सुरू झाली, आणि कुणीतरी हसेल आता, असं वाटून मी मागं वळून बघितलं.

“परत म्हण,” वडील म्हणाले.

तिनं परत म्हटली. ते तसेच उभे. हातातला प्रतिज्ञांचा कागद खाली आला होता.

“अजून एकदा म्हण.”

मुलगी गोंधळली. माईक तोंडाशीच होता, त्यामुळं सगळ्या लग्नाला ऐकू गेलं, “आबा, ऐकू येऊन राहिलं न्हाई का?”

त्यांचे कान गेले तेव्हा ती परकरात होती. त्यानंतर तिनं त्यांना जे काही सांगितलं ते ओरडून, नाहीतर खुणांनी. ती मोठी झाल्यावर तिचा आवाज कसा झाला, हे त्या घरात फक्त त्यांनाच माहीत नव्हतं.

“येऊन राहिलं, माय,” ते म्हणाले. “म्हणूनच परत म्हण म्हणून राहिलो.”

तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज मध्येच भरून आला, आणि तोही त्यांना स्वच्छ ऐकू आला.