विझणं आणि वाजणं

वरच्या मजल्यावरच्या नलिनीकाकू कायमच्या परदेशी, लेकाकडे निघाल्या होत्या. म्हणून दुपारी त्या माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायच्या. एकदा ‘गो ऑफ’पाशी आमचं अडलं. दिवा ‘गो ऑफ’ झाला म्हणजे विझला, पण गजर ‘गो ऑफ’ झाला म्हणजे वाजला. आणि दूध झालं तर नासलं.

“अगं, विझणं आणि वाजणं एकच कसं?” काकू वैतागल्या. “त्यापेक्षा आपली मराठी बरी, सरळ.”

मला हसू आलं. “काकू, आपल्याला भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते. झाडाला आंबेसुद्धा लागतात. हे तिकडच्या शेजारणीला कसं समजावाल?”

त्याही खळखळून हसल्या. मग पेन खाली ठेवून हळूच म्हणाल्या, “मन लागेल ना गं माझं तिकडे?”

“लागेल की,” मी म्हटलं, पण आवाजात जोर नव्हता. शब्दांचे अर्थ मी सांगू शकत होते. अख्खा संसार याच इमारतीत केलेल्या बाईला परक्या घराचा अर्थ कधी लागेल, हे मला कुठून ठाऊक असणार?

काकूंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“हं,” त्या म्हणाल्या, “पुढचा सांग.”