किडकी बोंडं घेऊन हिमायतनगर ते औसा

कापसाच्या वेचण्या संपल्या तरी पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी सोडायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अजून एक वेचणी काढायची, याला आमच्या हिमायतनगराकडं फरदड म्हणतात. अर्धं गाव ठेवतं. यंदा माझा लेक लक्ष्मणही ठेवतो म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी लोळत पडलेली. तिला पोसायला पाणी द्यायचं?

"मी विचारून येते, तोवर मोटर लावू नको," म्हणाले. दहा-बारा किडकी बोंडं स्टीलच्या डब्यात भरली आणि निघाले.

नांदेडला रेल्वेनं जा, बसपेक्षा कंबर वाचते. वेळ मात्र आदल्या दिवशी विचारून घ्या. उतरल्यावर ऑटोवाल्याशी भाडं आधी बोला, नंतर त्याची जीभ लांब होते. मी थेट फवारणीच्या औषधाच्या दुकानात गेले आणि काउंटरवर डबा उघडला.

"आजी, झाकण लावा! गिऱ्हाइक हाय."

"बघू दे की गिऱ्हाइकाला. खोटं औषध देऊन राहिलास काय?"

"औषध खरंच हाय. आता यापेक्षा कडक आलंय, ते मारा."

"मागल्या साली बी कडकच दिलं होतंस."

"हे लई कडक हाय."

त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसले. गरम डाळ, रोटी, कुणी जात विचारत नाही की पैसे. नांदेडला गेलात तर जेवून या आणि ताटं घासायला हात लावा.

दुपारी लातूरची बस धरली, लोहा-अहमदपूरवरून. आम्हा बायांना अर्धं तिकीट, पण जागेसाठी पूर्ण भांडावं लागतं. शेजारी उदगीरचे एक व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे. डब्यात डोकावून म्हणाले, "अक्का, अळीला औषधाची सवय झालीय. दारुड्याला दारू चढत नाही, तसं."

मला पटलं. अहमदपूरला त्यांनी भजी खाऊ घातली म्हणून जरा जास्तच पटलं.

औशाला माझी लेक दिली आहे. तिची पोरगी शिल्पा लातूरला शेतकीच्या कॉलेजात शिकते. दुसऱ्या दिवशी ती मला किल्ला दाखवायला घेऊन गेली. डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, म्हणून माझ्यासारख्या गुडघ्यांनीही खुशाल जावं. तिथंच तटाच्या सावलीत मी डबा काढला आणि व्यापाऱ्याचं ते सवयीचं बोलणं सांगितलं.

"सवय कुणाला, आज्जी? जिला औषध लागलं ती मेली. मेलेलीला कसली सवय? एखादी आधीपासनंच चिवट होती, आईबापाकडनं तसा गुण आलेला. ती जगली. तिचीच पिल्लं रानात भरली."

"म्हणजे आमच्या कोंबड्यांवानी. हाताला लागती ती सुस्त कोंबडी कापायची. पळणारी राहती, अंडी तीच घालती. चार वर्षांत खुराड्यात सगळ्या पळणाऱ्या."

"हाव! आणि कुणी पळायला शिकवलं न्हाई त्यांना."

मग ती म्हणाली, "बियाण्याच्या पिशवीत बारकं पाकीट यायचं, त्याचं काय केलं होतं?"

उकिरड्यावर फेकलं होतं. मीच. अळी लागणारं हलकं बी कंपनी आपल्या माथी मारते, असं वाटायचं. सगळं गाव फेकायचं. शिल्पा म्हणाली, ते बी शेताच्या काठानं लावायचं होतं, विष न पचणाऱ्या मऊ अळ्या जगाव्यात म्हणून. मधल्या बीटी कपाशीच्या अंगातच अळीचं विष असतं, तिच्यातून वाचलेली एखादी चिवट आणि काठावरची मऊ यांची पतंग झाल्यावर सोयरीक जमली, तर लेकरं बहुतेक मऊच निघायची. आम्ही काठच ठेवला नाही. चिवटाला चिवटच मिळाली आणि वऱ्हाड आमच्या बोंडात उतरलं.

सांगितलं का कुणी कधी? पाकिटावर मुंगीएवढी अक्षरं. विकणारा गप्प, घेणारा शहाणा. आणि मी तर सगळ्यांत शहाणी.

"आता फरदड?" मी विचारलं.

"वाचलेल्यांना तू पुढच्या हंगामापर्यंत जेवू घालणार, दुसरं काय?"

तिसऱ्या दिवशी घरी आले तर लक्ष्मणानं पाणी सोडलेलं. रान ओलंचिंब.

"माय, समदे ठेवून राहिले. आपण एकट्यानं उपटून काय होतंय?"

"समद्यांनी मिळूनच तर वाटोळं केलं. कुणीतरी एकटं निघाल्याबिगर दुसरा कसा निघंल?"

तो हलला नाही. मी पदर खोचला आणि रानात शिरले. ओल्या मातीतून पऱ्हाटी मुळासकट हातात येत होती. एक तास पुरा झाल्यावर मागून लक्ष्मणाचा आवाज आला, "हो बाजूला, कंबर धरंल." तो पऱ्हाटी उपटायचा चिमटा घेऊन आला होता.

चार दिवसांत रान मोकळं झालं. डाळीची चव अजून तोंडात आहे, किल्ल्याचा तटही डोळ्यांपुढं आहे. पण बांधापलीकडं दत्तरावची पऱ्हाटी हिरवीगार उभी आहे, आणि पतंगाला बांध कळत नाही. उद्या सकाळी त्याच्या दारात जाऊन बसणार आहे. चहा दिला तरी उठणार नाही.